अ‍ॅट्रिब्यूट शोधायला मॅक्रो लिहू की फंक्शन?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरातच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. प्रोजेक्ट म्हणून एका छोट्या भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) रस्ट या भाषेत लिहिताय. त्या भाषेत फंक्शनच्या डोक्यावर `#[इनलाइन]`, `#[डेप्रिकेटेड]`, `#[एक्स्पोर्ट]` अशी अ‍ॅट्रिब्यूट्स (कंपायलरसाठीच्या खुणा) लिहिता येतात. ती आहेत की नाहीत हे बघायला प्रत्येक पासमध्ये, म्हणजे कोडवरून होणाऱ्या प्रत्येक फेरीत, एक लूप लिहावा लागतो आणि असे लूप आता १४ झालेत. रस्टच्या स्वतःच्या कंपायलरमध्ये तुम्हाला `फाइंड_अ‍ॅट्र!` नावाचा मॅक्रो (कंपाइल होताना जागच्या जागी उलगडून कोड बनणारा साचा) दिसला, तसाच आपणही लिहावा असं वाटतंय. गाइड सर म्हणतात, मॅक्रो कशाला, साधं फंक्शन लिही. कोण बरोबर?

दोघंही थोडे थोडे. पण मला विचाराल तर प्रश्नच जरा बाजूला सरकलाय. १४ लूप ही तुमची खरी अडचण नाही. त्या १४ही ठिकाणी तुम्ही अ‍ॅट्रिब्यूटचं नाव स्ट्रिंग म्हणून ताडून बघताय आणि कंसातला मजकूर पुन्हा पुन्हा वाचताय, ही अडचण आहे. तुम्ही दिलेल्या तुकड्यांतच बघा ना: `इनलाइन(ऑलवेज)` मधलं `ऑलवेज` दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचलंय. एकीकडे आजूबाजूची मोकळी जागा छाटलीय, दुसरीकडे नाही. मॅक्रो लिहिलात तर हे लूप झाकले जातील, आतला घोळ तसाच राहील. उलट झाकल्यामुळे सापडायला आणखी वेळ लागेल.

नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये ती अर्थातच रोमन. आणि आख्खा मॅक्रो मुद्दाम देत नाही. दिला की तो उचलला जातो, आणि व्हायव्हाला "हे कसं चालतं?" विचारलं की तोंडातून शब्द फुटत नाही. बाहेरचा परीक्षक म्हणून बसलोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आता थोडं विषयांतर, पण कामाचं. शाळेत असताना सुट्टीत मी काकांच्या कारखान्यात जायचो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. मागावरून टॉवेल उतरून गठ्ठे बांधले की प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी लागायची: रंग, माप, कुणाचा माल, धुलाईला जायचा की थेट पॅकिंगला. चिठ्ठी लिहिणारे चौघं. कुणी मराठीत लिहिणार, कुणी तेलुगूत, कुणी नुसता आकडा टाकणार. मग धुलाईवाला ती आपल्या परीनं वाचायचा, पॅकिंगवाला आपल्या परीनं आणि टेम्पो भरणारा तिसऱ्याच परीनं. 'ए' म्हणजे एक्स्पोर्ट की 'ए' म्हणजे पहिल्या प्रतीचा माल, यावरून एकदा भरलेला टेम्पो वाटेतून परत बोलवावा लागला. त्यानंतर काकांनी दारात एक माणूस बसवला. चिठ्ठी तो एकदाच वाचणार, लागली नाही तर लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे हाक मारणार, आणि छापील तक्त्यात खुणा करणार. पुढच्या सगळ्यांनी फक्त तक्ता बघायचा, चिठ्ठीला हात लावायचा नाही.

तुमच्या कंपायलरला आधी तो दारातला माणूस हवाय. मॅक्रो म्हणजे तक्त्यावरून बोट फिरवायची सोय, ती नंतर.

कंपायलरच्या भाषेत सांगायचं तर असं. पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, तुम्हाला कच्चं अ‍ॅट्रिब्यूट देतो: एक नाव आणि कंसातले टोकन, म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं. सिंटॅक्स ट्रीवरून (कोडच्या रचनेचं झाड) पुढच्या रूपात उतरताना ते एकदाच नीट वाचायचं आणि एका एनमचा (ठरावीक पर्यायांचा टाइप) व्हेरिअंट (त्यातला एक पर्याय) करून ठेवायचं. इनलाइनच्या व्हेरिअंटमध्ये 'नुसतं', 'ऑलवेज', 'नेव्हर' यांपैकी एक. डेप्रिकेटेडमध्ये कधीपासून आणि काय सूचना, दोन्ही ऐच्छिक. एक्स्पोर्टमध्ये बाहेर दिसायचं नाव. प्रत्येकात मूळ कोडमधली जागा, म्हणजे स्पॅन. हा स्पॅन आत्ता फालतू वाटेल, पण पुढे कधीतरी "या फंक्शनवर इनलाइन लिहून उपयोग नाही" अशी वॉर्निंग द्यायची झाली की नेमक्या त्या ओळीखाली रेघ मारायला तोच लागतो. मागून घालायचा म्हटलं तर प्रत्येक व्हेरिअंट उसवावा लागतो. कुणी `इनलाइन(नेहमी)` असं काहीतरी लिहिलं असेल तर एरर या टप्प्यावरच द्यायची, आणि एकदाच. पुढच्या पासना चुकीचं अ‍ॅट्रिब्यूट दिसताच कामा नये.

रस्टच्या कंपायलरनेही हाच रस्ता धरला. तिथे बरीच वर्षं वेगवेगळे पास आपापल्या गरजेपुरतं अ‍ॅट्रिब्यूट वाचत असत. नावांची तुलना स्ट्रिंगनं होत नसे. नाव एकदा टेबलात नोंदवून त्याचा आकडा वापरला जातो, त्यामुळे वेगाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती अर्थ ठिकठिकाणी लावला जाण्याची. २०२५ मध्ये या भागाची मोठी फेरमांडणी झाली. आता एचआयआर नावाच्या मधल्या रूपात अ‍ॅट्रिब्यूट दोनच तऱ्हांचं असतं: 'पार्स्ड', म्हणजे अर्थ लावून एनममध्ये बसवलेलं, आणि 'अनपार्स्ड', म्हणजे अजून कच्चं. रस्टफॉर्मॅट (कोड नीट मांडणारं) किंवा क्लिपी (कोडमधले दोष दाखवणारं) यांसारख्या बाहेरच्या साधनांसाठी लिहिलेली अ‍ॅट्रिब्यूट्स दुसऱ्या प्रकारात राहतात, कारण त्यांचा अर्थ लावणं हे कंपायलरचं काम नाही. तुम्ही पाहिलेला मॅक्रो फक्त पार्स्डमध्ये शोधतो. तो एवढा सुटसुटीत दिसतो, कारण अवघड काम आधीच उरकलेलं असतं.

हे न करता थेट शोधायला गेलं तर काय होतं, याचा माझाच किस्सा आहे. फार पूर्वी एका कंपनीत मी सी कोड तपासणाऱ्या साधनावर काम करत होतो. जीसीसी या कंपायलरमध्ये अ‍ॅट्रिब्यूटचं नाव दोन प्रकारे लिहिता येतं: साधं `नोरिटर्न`, किंवा पुढेमागे दोन-दोन अंडरस्कोअर लावून. हेडर फाइल लिहिणारे दुसरा प्रकार वापरतात, म्हणजे कुणी त्याच नावाचा मॅक्रो केला असला तरी टक्कर होत नाही. जीसीसीचं स्वतःचं शोधणारं फंक्शन दोन्ही रूपं एकच मानतं. आमच्या साधनात मात्र एका पासमध्ये मी अंडरस्कोअर छाटले होते आणि दुसऱ्यात विसरलो होतो. परिणाम असा, की पहिल्या पासला फंक्शन परत येत नाही हे माहीत आणि दुसऱ्याला नाही. दुसरा पास त्याच्या पुढच्या ओळींवर खोट्या वॉर्निंग टाकत राहिला. एरर कुठेच नाही. लोकांनी वाईट वाटून घेतलं नाही, सरळ वॉर्निंग बंद करून टाकल्या. मला कळलं तेव्हा बरेच दिवस उलटून गेले होते. चूक एका ओळीची, ती दुरुस्तही एका ओळीत झाली, पण तपासणीवरचा लोकांचा विश्वास काही एका ओळीत परत आला नाही.

बरं, आता तक्ता तयार आहे असं धरू आणि तुमच्या मूळ प्रश्नाकडे येऊ: मॅक्रो की फंक्शन?

गाइड सरांची बाजू आधी. फंक्शननं भागतं का? भागतं. यादीवर `फाइंड_मॅप` लावा, आत क्लोजर (तिथेच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) द्या, क्लोजरमध्ये मॅच लिहा: डेप्रिकेटेड असेल तर त्यातली सूचना `सम` मध्ये ('सापडलं') घालून द्या, नाहीतर `नन` ('काही नाही'). स्टँडर्ड लायब्ररीतच आहे, नवीन काही शिकायला नको. तुमच्या भाषेत एकूण तीन-चारच अ‍ॅट्रिब्यूट्स राहणार असतील तर मी म्हणेन त्याहूनही सोपं करा: यादीचा वेगळा स्ट्रक्ट करा आणि त्यावर `इनलाइन()`, `डेप्रिकेटेड()` अशा मेथड लिहा. वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं. मॅक्रो लिहिण्याची हौस बाजूला ठेवली तर लहान कंपायलरला हेच बरं.

गणित बदलतं ते अ‍ॅट्रिब्यूट्स वाढली की. आणि ती वाढतात. एकदा सोय झाली की माणूस थांबत नाही. २५ अ‍ॅट्रिब्यूट्स, प्रत्येकाला 'आहे का' आणि 'असेल तर आतलं दे' असे दोन प्रश्न, त्यात 'ऑलवेज असेल तरच' असली अट. एवढ्या मेथड लिहिण्यापेक्षा प्रश्नच पॅटर्नच्या, म्हणजे मॅचमध्ये ताडून बघायच्या नमुन्याच्या, रूपात विचारता आला तर बरं असं वाटायला लागतं. इथे फंक्शनची मर्यादा येते. रस्टमध्ये फंक्शनला किंमत (व्हॅल्यू) देता येते, क्लोजर देता येतं, पण पॅटर्न देता येत नाही. पॅटर्न ही किंमत नाही, ती कोडची रचना आहे, आणि कोडची रचना आर्ग्युमेंट म्हणून घेणारा एकच प्रकार: मॅक्रो. `मॅचेस!` हा मॅक्रो मार्च २०२० मध्ये रस्ट १.४२ बरोबर स्टँडर्ड लायब्ररीत आला तो याच कारणासाठी. एक किंमत आणि एक पॅटर्न घेऊन तो हो किंवा नाही सांगतो. `फाइंड_अ‍ॅट्र!` हा त्याचाच थोरला भाऊ समजा: किंमतीऐवजी यादी घेतो, आणि हवं तर हो-नाहीऐवजी आतला ऐवज काढून देतो.

दुसरा फायदा बारीक आहे, पण रोजच्या कामात जाणवतो. क्लोजरच्या आत `रिटर्न` किंवा प्रश्नचिन्ह (चूक आली की तिथूनच परत फिरवणारं) लिहिलं तर ते क्लोजरमधून बाहेर पडतं, तुमच्या फंक्शनमधून नाही. मॅक्रो जागच्या जागी उलगडतो, त्यामुळे पॅटर्नपुढच्या जाड्या बाणाच्या (`=>`) उजवीकडे लिहिलेलं `रिटर्न` खरोखर तुमच्या फंक्शनमधून परत येतं.

मॅक्रोचं पोट उघडून बघू. त्याला दोन नियम असतात. एक: यादी, स्वल्पविराम, पॅटर्न, आणि ऐच्छिक `इफ` अट. दोन: तेच सगळं, पुढे जाडा बाण आणि एक एक्स्प्रेशन. पहिला नियम स्वतः काहीच करत नाही. तो दुसऱ्यालाच हाक मारतो, उजवीकडे रिकामा टपल देतो आणि आलेलं उत्तर `सम` आहे का एवढं विचारतो. शोधायचं काम एकाच ठिकाणी लिहिलेलं बरं, म्हणून ही युक्ती.

दुसऱ्या नियमात एक नाव दिलेला ब्लॉक असतो, आत फॉर लूप, लूपमध्ये मॅच. पॅटर्न जुळला की त्या ब्लॉकमधून किंमत घेऊन बाहेर उडी, नाही जुळला तर लूप संपल्यावर `नन`. साध्या ब्लॉकला नाव देऊन त्यातून किंमतीसह बाहेर पडण्याची ही सोय रस्टमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये, १.६५ मध्ये स्थिर झाली. तुम्ही कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर काम करत असाल तर आधी टूलचेन (रस्टची आवृत्ती) कुठली आहे ते बघा, नाहीतर उगाच डोकं खाजवत बसाल.

लूपच्या आत पहिल्याच ओळीत मूळ मॅक्रो एक गमतीशीर गोष्ट करतो. लूपचा चल तो पुन्हा त्याच नावात बांधतो, फक्त टाइप स्पष्ट लिहून. बघताना वायफळ वाटतं. पण कुणी भलतीच यादी दिली, समजा कच्च्या अ‍ॅट्रिब्यूट्सची, तर एरर 'हा टाइप हवा होता, तो मिळाला' अशी सरळ येते. ती ओळ नसती तर एरर पॅटर्नवर फुटली असती आणि वाचणारा भलत्याच गोष्टीकडे बघत बसला असता. मॅक्रो लिहिणाऱ्यानं वापरणाऱ्याच्या एररचा विचार करायचा असतो. ही ओळ तुमच्या रिपोर्टमध्ये जरूर समजावून सांगा, सरांना आवडेल.

तुम्ही विचारलं होतं की मॅक्रोची मांडणी अशीच का, स्वल्पविरामाच्या जागी शब्द का नाही चालत. कारण मॅक्रोतल्या पॅटर्नच्या तुकड्यानंतर काय येऊ शकतं यावर रस्टचं बंधन आहे: जाडा बाण, स्वल्पविराम, बरोबरचं चिन्ह, `इफ` किंवा `इन`. एक्स्प्रेशननंतर तर जाडा बाण, स्वल्पविराम, अर्धविराम एवढंच. उद्या भाषेत नवीन व्याकरण आलं तरी जुने मॅक्रो मोडू नयेत म्हणून ही कुंपणं आहेत. तेव्हा `इफ` आणि बाण ही निवड नुसती शोभेची नाही, मॅचसारखं दिसतं हा वरकड फायदा. आणखी एक: २०२१ एडिशनपासून (एडिशन म्हणजे भाषेची ठरावीक वर्षाची आवृत्ती) पॅटर्नचा तुकडा उभ्या रेघेनं जोडलेले पर्यायही घेतो, म्हणजे 'इनलाइन किंवा कोल्ड' (कोल्ड म्हणजे क्वचितच बोलावलं जाणारं फंक्शन) असं एका हाकेत विचारता येतं. जुन्या एडिशनवर असाल तर ते चालणार नाही.

नावांच्या टकरीची काळजी करू नका. मॅक्रोतला लूपचा चल आणि ब्लॉकचं नाव हे वापरणाऱ्याच्या नावांत मिसळत नाहीत, कंपायलर ती वेगळी धरतो. उलट पॅटर्नमध्ये तुम्ही लिहिलेलं `सूचना` हे नाव आणि बाणापुढचं `सूचना` हे दोन्ही तुमच्याकडून आलेले, म्हणून ते एकमेकांना ओळखतात. व्हायव्हाला 'हायजिन म्हणजे काय' विचारलं तर हेच उदाहरण सांगा.

आता सगळ्यात घातक खड्डा, ज्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसलो. रस्टमध्ये पॅटर्नच्या जागी कंस नसलेलं सुटं नाव लिहिलं आणि त्या नावाचा व्हेरिअंट किंवा कॉन्स्टंट नजरेच्या टप्प्यात नसेल, तर ते नाव नवीन चल ठरतं आणि कशालाही जुळतं. समजा तुमच्याकडे `कोल्ड` हा रिकामा व्हेरिअंट आहे आणि घाईत तुम्ही `कोलड` लिहिलंत. साध्या मॅचमध्ये निदान पिवळी वॉर्निंग तरी दिसते. मॅक्रोत ती दडपली गेली, तर डोक्यावर कुठलंही अ‍ॅट्रिब्यूट असलेलं प्रत्येक फंक्शन 'कोल्ड' ठरेल. प्रोग्रॅम चालेल, फक्त चुकीचा.

रस्टच्या मॅक्रोत यावर इलाज केलाय. मॅचमध्ये तीन फांद्या असतात: पार्स्ड आणि तुमचा पॅटर्न; अनपार्स्ड, काही करू नको; आणि शेवटी उरलेलं सगळं, काही करू नको. या शेवटच्या फांदीवर 'इथे कधीच पोचता येत नसेल तर एरर दे' असं लिहिलेलं असतं. तुमचा पॅटर्न सगळ्यालाच जुळायला लागला की शेवटच्या फांदीला काही उरत नाही, ती निरुपयोगी ठरते आणि कंपाइल होणं थांबतं. एरवी बिनकामाची वाटणारी फांदी पहारेकरी म्हणून उभी आहे. त्यातही एक मेख आहे: दुसऱ्या क्रेटमधून (रस्टमधलं कोडचं स्वतंत्र पॅकेज) आलेल्या मॅक्रोच्या आतल्या अशा सूचना रस्ट सहसा दाखवतच नाही. या सूचनेसाठी कंपायलरमध्ये खास अपवाद ठेवावा लागला आणि मॅक्रोतल्या कॉमेंटमध्ये तसं लिहूनही ठेवलंय. तुमचा सगळा प्रोजेक्ट एकाच क्रेटमध्ये असेल तर तुम्हाला अडचण नाही. तरी सवय लावून घ्या: पॅटर्नमध्ये नेहमी एनमचं नाव आधी लिहायचं, `अ‍ॅट्र::कोल्ड` असं. मग स्पेलिंग चुकलं तर 'असा व्हेरिअंटच नाही' म्हणून कंपायलर सरळ अडवतो.

हे सगळं झालं मॅक्रोचं कौतुक. आता तो कुठे पुरत नाही ते.

तो पहिलं सापडलं की थांबतो. एकच अ‍ॅट्रिब्यूट दोनदा लिहिलं असेल तर दुसरं दिसणारच नाही. म्हणून 'दोनदा लिहिलं तर काय' हा निर्णय दारातल्या माणसानं घ्यायचा. रस्टमध्ये यासाठी वेगवेगळे पार्सर आहेत: काही अ‍ॅट्रिब्यूट्स एकदाच चालतात, दुसऱ्यांदा दिसली की एरर किंवा वॉर्निंग, काही, जसं `रेप्र` (डेटा मेमरीत कसा मांडायचा ते सांगणारं), दोन ओळींत लिहिली तरी एकत्र करून एकच नोंद होते. नोंदच एक असल्यावर पहिल्यावर थांबणं बरोबरच ठरतं. डॉक कॉमेंटचं मात्र तसं नाही. तीन तिरप्या रेघांची प्रत्येक ओळ हे स्वतंत्र अ‍ॅट्रिब्यूट असतं, त्यामुळे दहा ओळींची माहिती लिहिलेल्या फंक्शनवर दहा नोंदी. त्या गोळा करायला हा मॅक्रो उपयोगाचा नाही, तिथे साधा लूपच हवा.

तो फक्त तुम्ही दिलेली यादी बघतो, वरच्या घरात डोकावत नाही. मॉड्यूलच्या डोक्यावर `अलाऊ` (वॉर्निंग गप्प करणारं) लिहिलं तर आतल्या सगळ्या फंक्शनना ते लागू होतं, पण फंक्शनच्या यादीत ते नसतं. तुमच्या भाषेत असं वरून खाली झिरपणारं एखादं अ‍ॅट्रिब्यूट असेल तर त्यासाठी बापाकडे बघत वर जाणारं वेगळं फंक्शन लिहा. रस्टमध्येही लिंटच्या (कोडमधल्या संशयास्पद गोष्टी दाखवणाऱ्या तपासण्या) पातळ्या ठरवणारं यंत्र वेगळंच आहे.

काही अ‍ॅट्रिब्यूट्स तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. `सीएफजी` (अटीनुसार कोड ठेवणारं किंवा गाळणारं) आणि `डिराइव्ह` (ठरावीक कोड आपोआप तयार करवणारं) ही मॅक्रो उलगडण्याच्या टप्प्यावरच निकाली निघतात. पुढच्या रूपात ती शोधत बसलात तर रिकामे हात. तसंच दुसऱ्या क्रेटमधल्या फंक्शनची माहिती मेटाडेटामधून (त्या क्रेटबरोबर साठवलेली माहिती) येते आणि तिथे सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स साठवलेली नसतात. 'सापडलं नाही' याचा अर्थ दर वेळी 'लिहिलेलं नव्हतं' असा होत नाही. तुमच्या भाषेत अजून अनेक फाइलींची लायब्ररी नाही असं दिसतंय, त्यामुळे आत्ता सोडून द्या.

वेगाबद्दल तुम्ही विचारलंय, तर तिकडे लक्षच देऊ नका. एका फंक्शनवर दोन-चार अ‍ॅट्रिब्यूट्स असतात, त्यांच्यावर सरळ फिरणं हॅशमॅपपेक्षा बहुधा स्वस्तच पडतं. एकच प्रश्न कोड तयार करताना हजारदा विचारावा लागत असेल तर उत्तर साठवून ठेवा. रस्टमध्ये इनलाइन, कोल्ड वगैरे कोडजेनला (शेवटी यंत्रासाठी कोड तयार करणारा टप्पा) लागणारी उत्तरं एका क्वेरीत एकदाच गोळा होतात आणि पुढचे सगळे तिथूनच विचारतात.

सरांशी बोलताना आणखी एक उदाहरण हाताशी असू द्या. क्लँग या सी आणि सी++ च्या कंपायलरमध्ये सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स एका फाइलमध्ये वर्णन करून ठेवलेली असतात, टेबलजेन नावाचं साधन त्यातून प्रत्येकासाठी एक क्लास तयार करतं, आणि मग 'या डिक्लरेशनवर अमुक क्लासचं अ‍ॅट्रिब्यूट आहे का' असं टेम्प्लेटनं विचारता येतं. सगळी हवी असतील तर त्यासाठी वेगळी सोय. सी++ मध्ये प्रश्न टाइपच्या रूपात विचारतात, रस्टमध्ये पॅटर्नच्या. दारातला माणूस दोन्हीकडे आहे.

सरांचा मॅक्रोवरचा राग अगदीच निराधार नाही, हेही सांगून ठेवतो. मॅक्रोच्या आत एडिटर नावं सुचवताना अडखळतो, एरर कधी कधी मॅक्रोकडे बोट दाखवते, आणि नवीन माणसाला तो उलगडून बघावा लागतो. त्यासाठी `कार्गो एक्स्पांड` वापरा. सरांसमोर एका हाकेचं उलगडलेलं रूप ठेवा; त्यात एक लूप आणि एक मॅच याखेरीज काही नाही हे दिसलं की वाद निम्मा मिटेल.

कामाचा क्रम मी असा धरेन. पुढचा आठवडा फक्त एनम आणि वाचणारा टप्पा. १४ लूपना हात लावायचा नाही. मग एकेक लूप नवीन एनमवर आणायचा, तोही आधी `फाइंड_मॅप` वापरूनच. नऊ-दहा झाले की तेच तेच लिहून कंटाळा येईल, तेव्हा मॅक्रो लिहा; त्याला नेमकं काय हवं ते तोवर हाताला कळलेलं असेल. मॅक्रोबरोबरच एक कंपाइल न होणारी टेस्ट ठेवा, मुद्दाम `कोलड` लिहिलेली, कंसाशिवाय आणि एनमच्या नावाशिवाय. ती कंपाइल झाली तर तुमचा पहारेकरी झोपलाय. गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) सुरू व्हायच्या आत एवढं सहज होईल, नंतर तसंही कुणाचं कामात लक्ष नसतं.

आणि १४ पैकी दोन एनमवर आणले तरी लूपच राहू द्या: डॉक कॉमेंट गोळा करणारा, आणि 'इनलाइन(ऑलवेज) बरोबर कोल्डही लिहिलंय' अशी भांडणं शोधणारा. पहिल्याला सगळी अ‍ॅट्रिब्यूट्स लागतात, दुसऱ्याला दोन एकदम हातात घेऊन दोघांचे स्पॅन दाखवायचेत. ते मॅक्रोत कोंबायला गेलात तर त्याला तिसरा नियम लागेल, मग चौथा, आणि सरांचं म्हणणं आपोआप खरं होईल.